इक (माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग) झालाय माशांच्या टँकमध्ये, सोबत लोच मासे आणि झाडं आहेत, औषध टाकू की नुसतं तापमान वाढवू?

मंडळी, जरा अर्जंट आहे. नाशिकला राहतो, टँक दोन बाय एक बाय सव्वा फुटाचा, त्यात मॉल्या, एक एंजल, निऑन टेट्रा आणि दोन छोटे क्लाउन लोच. परवा नवे निऑन आणले आणि त्यात थंडी पण एकदम वाढली, आता एंजलच्या शेपटीवर आणि कल्ल्यामागे रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतायत. मॉल्या मधूनच तिरकी उडी घेतल्यासारखं करून दगडाला अंग घासतात. लोचचे हाल सगळ्यात वाईट, त्यांच्या काळ्या पट्ट्यांवर तर ठिपके मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. थर्मामीटर २२ दाखवतोय, हीटर आहे पण लावलेला नव्हता.

दुकानदार म्हणतो हिरवं औषध टाका, दोन दिवसात साफ. एक मित्र म्हणतो औषध अजिबात नको, ३० डिग्री कर आणि मीठ टाक. मेहुणा म्हणतो सगळं पाणी बदल, खडी उकळ आणि नव्याने सुरू कर. लोचला औषध सोसत नाही असं ऐकलंय आणि झाडांना मीठ चालत नाही असं पण ऐकलंय, म्हणजे करायचं काय नक्की? आमच्याकडे दुपारी लाइट पण जाते कधीकधी. खाणं अजून सगळे खातायत.

काचघर
खातायत ना, मग वेळ आहे, घाबरू नका. पण "दोन दिवसात साफ" विसरा. जो ठिपका दिसतो तो किडा माशाच्या कातडीच्या आत बसलेला असतो, त्याला औषध लागतच नाही. तो पिकला की गळून खडीत पडतो, भोवती कवच करतो, आत त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पाण्यात सुटून मासा शोधतात. औषध, मीठ, काय टाकायचं ते टाका, मार बसतो तो या सुट्या पिल्लांनाच. म्हणून ठिपके गेले की लोक औषध बंद करतात आणि आठवड्यात डबल होऊन येतं, कारण ठिपके गेले नव्हते, खाली पडले होते.

२२ डिग्रीला हे चक्र रेंगाळतं, गरम पाण्यात काही दिवसात उरकतं आणि ३० च्या आसपास त्याला धड वाढताच येत नाही. लोच, एंजल, मॉली तिघांना ३० चालतं, निऑनला थोडं जड जाईल पण काही दिवस निभावतात. तुमच्या टँकला मी हीटरच म्हणेन. एकदम नाही, तीन-चार तासांनी एक डिग्री असं चढवत दोन दिवसात ३० ला न्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो त्यामुळे एअर पंप चोवीस तास चालू, ही गोष्ट हीटरइतकीच महत्त्वाची. सुरुवातीला ठिपके वाढल्यासारखे दिसतील, चक्र पळायला लागतं म्हणून, तेव्हा घाबरून बाटली उघडू नका.

आणि मेहुण्यांना सांगा, सगळं पाणी बदलून खडी उकळली तर तिच्यातले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया मरतात, मग इकच्या आधी अमोनियाच मासे मारेल.

खाडीकाठचा
काचघर म्हणतात ते बरोबर पण मी थोडं मीठ टाकेनच. आधी पाणी किती ते काढा. अडीच घनफूट म्हणजे ७० लिटर होतात पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडून खरं पाणी ६० च्या आतबाहेर. लिटरला एक ग्रॅम धरलं तर ६० ग्रॅम, साधं खडे मीठ, टँकच्याच पाण्यात मगात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडं थोडं. सरळ खडीवर ओतू नका, लोच तिथेच लोळत असतात. नाजूक झाडं असतील तर काढून बादलीत ठेवा, अनुबियास आणि जावा फर्न ही झाडं इतकं सोसतात.

काचघर
एक ग्रॅमला माझी हरकत नाही. तीन ग्रॅमचे सल्ले दिसतील ते लोच असलेल्या टँकला नकोत.

धागाकर्ता
आभार दोघांचे! हीटर लावलाय, २५ वर आलंय. लाइट गेली तर काय? आणि समजा नाहीच जमलं तर हिरवं औषध किती टाकू?

खाडीकाठचा
लाइट गेली तर टँकला जाड चादर गुंडाळा, ६० लिटर पाणी तासाभरात फार पडत नाही. खरी काळजी हवेची, बॅटरीवरचा एअर पंप मिळतो तो घेऊन ठेवा.

औषध टाकायची वेळ आलीच तर, म्हणजे ३० डिग्रीला आठवडा होऊनही नवे ठिपके येत राहिले तर, मॅलकाइट ग्रीनचा (तेच हिरवं औषध) लोच आणि टेट्रासाठी अर्धा डोस, तोही लिटर मोजून, झाकणाने अंदाजे नाही. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, तो औषध शोषून घेतो. हातमोजे घाला, रंग हाताला आणि काचेच्या सिलिकॉनला बसतो आणि पदार्थ तसाही अंगाला लावण्यासारखा नाही. फॉर्मेलिन मिसळलेली बाटली असेल तर ३० डिग्रीला नकोच, ऑक्सिजन आणखी पडतो.

काचघर
एक दिवसाआड खडी सायफन करून पाव टँक पाणी बदला, गळून पडलेले तिथेच असतात. नवं पाणी अँटीक्लोरीन टाकून त्याच तापमानाचं, आणि जितकं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच मीठ परत, पूर्ण ६० ग्रॅम नाही. पाणी काढायच्या आधी हीटरचा प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते, आणि हात घालताना तर तो बंद हवाच.

शेवटचा ठिपका गेल्यावर निदान आठवडाभर ३० तसंच ठेवा.

जाता जाता, क्लाउन लोच फूटभर वाढतो आणि तो एंजल मोठा झाला की निऑन खातो, त्यामुळे यातून निभावलात की त्या दोघांसाठी मोठा टँक नाहीतर दुसरं घर बघायला लागा.

धागाकर्ता
बापरे, निऑन खातो?? दुकानदार म्हणाला होता एकत्र मस्त राहतात. बरं, जाळी आणि सायफनची नळी शेजारच्या गप्पींच्या टँकला पण तीच वापरतो, ती धुतली की चालेल?

खाडीकाठचा
नुसती धुऊन नाही, उन्हात कडक वाळवा, ओल गेली की हा किडा जगत नाही. तोवर गप्पींना वेगळी जाळी, आणि इथे हात घातलात तर कोपरापर्यंत पुसूनच तिकडे जा.