सात महिन्याच्या लेकराची तिसऱ्यांदा छाती भरली, नेमकं कशामुळं व्हायलंय?

लेकराची आई, अंबाजोगाई:
दिवाळीपासून ही तिसरी वेळ. औषध चालू असलं की आठ दिवस बरं असतं मग परत घरघर. सासूबाई म्हणायल्यात तू दही खातीस म्हणून दुधातून सर्दी उतरती, दोन महिने झाले मी दही केळी सगळं सोडलं तरी तेच. जन्मला तेव्हा वजन २ किलो १०० होतं, अंगावरचं कमी पडतंय म्हणून चौथ्या महिन्यापासून वरचं दूध चालू केलं. आंघोळ झाली की ओवा आन लसणाच्या टरफलाची धुरी रोज देतो, नाकात तेल सोडतो. घरात नऊ माणसं, जाऊबाईची दोन लेकरं शाळेत जातात. अजून काय करावं सांगा, रात्र रात्र बसून काढायले.

आशाताई, परभणी जिल्हा:
ताई आधी दही खायला लागा, त्याचा काही संबंध नाही आणि दूध पाजणाऱ्या बाईला पोटभर खायला पाहिजे. धुरी मात्र आजपासून बंद. श्वासनळीत बारीक केसं असतात ती कफ वर ढकलतात, धुरानं ती सुस्त पडतात, कफ आतच साचतो आन जंतूला आयतं घर मिळतं, त्यात तुमचं लेकरू अडीच किलोच्या खालचं जन्मलेलं, सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध पण मिळालं नाही, म्हणजे ताकद आधीच कमी. नाकात तेल पण नको, ते छातीत उतरतं. लसीचं कार्ड बघा, न्यूमोनियाची पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आन नऊ महिने अशी तीनदा असते.

शेतकरी, केज:
आमच्या पोरीला पण असंच व्हायचं. पाणी तापवायची चूल न्हाणीला लागून, तुराट्या पऱ्हाट्या जाळायचो, सगळा धूर घरात. चूल अंगणात नेली. वडील बिडी ओढायचे ते पण लेकरू घेऊन बसायचे, त्यांना समजावून सांगायला लै दिवस गेले पण सोडली त्यांनी. नंतरच्या हिवाळ्यात पोरगी एकदाच आजारी पडली.

लेकराची आई, अंबाजोगाई:
कार्ड बघितलं, साडेतीन महिन्याची पीसीव्ही राहिलीय, तेव्हा मी माहेरी होते. आता पण श्वास जोरात चालू आहे, पोट उडायलंय.

आशाताई, परभणी जिल्हा:
लस राहिली तर आता पण देतात, ते नंतर बघू. आधी लेकरू शांत असताना अंगडं वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्याच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आन त्याच्या पुढं ४० किंवा जास्त असला तर तो जलद श्वास. बरगडीच्या खाली खड्डा पडतोय का ते पण बघा.

लेकराची आई, अंबाजोगाई:
५६ आला. खड्डा पडतोय.

आशाताई, परभणी जिल्हा:
मग सकाळची वाट बघू नका, लगेच सरकारी दवाखान्यात न्या, गाडी नसली तर १०८ लावा. रस्त्यात झेपलं तर पाजत राहा पण बळंच पाजू नका. तिथं डॉक्टरला स्पष्ट सांगा की तिसरी वेळ आहे, हृदयात छिद्र वगैरे काही नाही ना ते तपासायला सांगा, आन घरात कुणाला दोन आठवड्यापेक्षा जास्त खोकला असला तर ते पण सांगा, टीबी बघावा लागतो.

लेकराची आई, अंबाजोगाई:
सासऱ्यांना आहे खोकला, लै दिवसापासून. त्यांनाच सोबत घेऊन निघालोत.