अनुभव धागा: बाबा, मांडीवर बाळ आणि समोर नाटक

लेक आठ महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा एकट्याने नाटकाला नेलं. बायको म्हणाली, "मी येणार नाही, तुझं तू बघ." बरंच झालं. ती शेजारी असली की लेकीने ओठ काढायचा अवकाश, मी तिला तिकडे सरकवतो. बालनाट्याचा सकाळचा प्रयोग होता. तिसरी घंटा झाली, अंधार झाला आणि लेकीने माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. पडदा उघडला तसं तिने रंगमंचाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, परत तिकडे. मी हसलो तेव्हा हसली. वीस मिनिटं टिकलो. बटण मात्र तुटलं.

तुम्हीही नेलं असेल तर लिहा. फसलेले प्रसंग आधी!

कणकवलीचा बाबा: आमच्याकडे याचं कौतुक कोण करतो? जत्रेत रात्री दशावताराचं नाटक असलं की बापूस पोराला खांद्यावर टाकून निघतो. माझा झील दहा महिन्यांचा होता. नाटकातला गणपती येऊन गेला तोवर डोळे मिटत होते. मग संकासुर राक्षस आला, काळाकुट्ट. पोराने माझा कान असा पिळला की मीच ओरडलो. रडला नाही पण. मृदंगाची थाप पडली की त्याची टाच माझ्या छातीवर पडायची. पहाटेपर्यंत थांबायच्या फंदात पडू नका आणि झांजेपासून लांब बसा. कानटोपी हवीच. घरी आल्यावर आजीने दृष्ट काढली ते वेगळं.

पुण्याची आई: आईने लिहिलं तर चालेल ना? नवरा आणि लेक नाटकाला गेले आणि मी दोन तास झोपले. बाळंतपणानंतर पहिल्यांदा, सलग. परत आल्यावर नवरा सांगत होता, "टाळ्या वाजल्या तशा हिनेही वाजवल्या." पहिली टाळी माझ्याशिवाय. जरा लागलंच.

फसलेला: मोठ्यांचं नाटक, तिसरी रांग. ही चूक माझीच. ऐन गंभीर प्रवेशात पोरगं किंचाळलं. मागून "बाहेर घेऊन जा हो" आलं, रास्तच होतं. नाट्यगृहात रडक्या मुलांसाठी काचेमागे खोली होती. तिथे गेलो तर दारावर 'फक्त महिलांसाठी'. उरलेला अंक जिन्यात, स्पीकरवरून ऐकला. तिथे एक चहावाला पोराशी अर्धा तास बोलला, ते सोडा.

स्टॉकहोमहून: इथे मुलामागे ४८० दिवसांची पालकरजा मिळते. त्यातले ९० दिवस बापाने घेतले नाहीत तर ते आईलाही देता येत नाहीत. त्यामुळे दुपारी बाबागाडी ढकलणारे बाप पुष्कळ. उंगा क्लारा या नाटकमंडळीने २००६ साली सुझान ऑस्टेन यांच्या दिग्दर्शनात सहा ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी नाटक केलं होतं. ते मी पाहिलेलं नाही. मी लेकाला नेलं तो असाच एक छोटा प्रयोग. दिवे पूर्ण घालवत नाहीत, प्रेक्षक जमिनीवर. आमचा चिरंजीव रांगत थेट नटीच्या पायाशी. मी उठायला गेलो, तिने नजरेनेच 'असू दे' म्हटलं.

नाशिककर: बाळाचं तिकीट काढावं लागतं का?

धागाकर्ता: मांडीवर होती म्हणून आमच्याकडे नाही मागितलं. तरी खिडकीवर विचारून घ्या. आणि कडेची खुर्ची मागा, दाराजवळची.