कॉर्निया, नेत्रभिंग आणि चष्म्याचा नंबर: या आकड्यांचा मेळ कसा घालायचा?

नवशिका_ऑप्टिशियन:

मी ऑप्टिशियनच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शिकत आहे. डोळ्याची रचना आणि भिंगांचे प्रकाशशास्त्र हे आम्हाला दोन स्वतंत्र विषय म्हणून शिकवले जातात. मात्र दोन्ही एकत्र मांडायला गेले की आकडे जुळत नाहीत.

पुस्तकात कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) शक्ती सुमारे ४३ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक; १ भागिले मीटरमधील नाभीय अंतर), नेत्रभिंगाची सुमारे १९ आणि संपूर्ण डोळ्याची साधारण ५९ डायॉप्टर दिली आहे. नेत्रभिंग दोन्ही बाजूंनी फुगीर आणि चांगले जाड असते, तर कॉर्निया मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. असे असताना जास्त शक्ती कॉर्नियाकडे कशी? शिवाय ४३ आणि १९ यांची बेरीज ६२ होते, मग उरलेले ३ डायॉप्टर कुठे गेले?

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. चष्म्याचा नंबर −८.०० असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स −७.२५ ची देतात, आणि +८.०० असेल तर उलट नंबर वाढवून +८.७५ ची देतात. सूत्र मला पाठ आहे, पण त्यामागचे कारण कळत नाही. तसेच शस्त्रक्रियेत नेत्रभिंग काढून टाकले आणि कृत्रिम भिंग बसवले नाही, तर गेलेल्या १९ डायॉप्टरच्या जागी साधारण +११ चाच चष्मा कसा पुरतो?

अपवर्तन:

आपण शक्ती हा भिंगाचा अंगभूत गुण धरून चालला आहात, तिथेच सगळा गुंता झाला आहे. शक्ती पृष्ठभागाच्या वक्रतेवर तर अवलंबून असतेच, पण त्या पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना कोणती माध्यमे आहेत यावरही तितकीच अवलंबून असते. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील (माध्यमात प्रकाश किती मंदावतो याच्या मापांतील) फरकाला वक्रतेच्या त्रिज्येने (मीटरमध्ये) भागले की त्या पृष्ठभागाची शक्ती डायॉप्टरमध्ये मिळते. यात जाडी कुठेच येत नाही.

आता आकडे घालून पाहा. कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या ७.७ मिलिमीटर, कॉर्नियाचा अपवर्तनांक १.३७६ आणि समोर हवा, जिचा अपवर्तनांक १. फरक ०.३७६ चा असल्याने एकट्या पुढच्या पृष्ठभागाची शक्ती सुमारे +४८.८ होते. मागच्या पृष्ठभागाची त्रिज्या ६.८ मिलिमीटर आहे, पण त्याच्या मागे १.३३६ अपवर्तनांकाचा जलीय द्रव असल्यामुळे तिथे सुमारे −५.९ येतात. दोन्ही मिळून राहिले ४३.

नेत्रभिंगाच्या दोन्ही बाजूंना द्रवच आहे. भिंगाचा सरासरी अपवर्तनांक १.४१ च्या आसपास आणि भोवतालचा १.३३६, म्हणजे फरक जेमतेम ०.०७ ते ०.०८. तेच भिंग डोळ्याबाहेर काढून हवेत धरले, तर त्याच वक्रतेवर त्याची शक्ती १०० डायॉप्टरच्या वर जाईल. भिंग दुबळे नाही, त्याला मिळालेला शेजार त्याच्या अपवर्तनांकाच्या फार जवळचा आहे, एवढेच.

पाण्यात डोळे उघडले की सगळे धूसर का दिसते, हेही यातूनच कळते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ असल्याने कॉर्नियाच्या पुढच्या पृष्ठभागाची शक्ती ४८.८ वरून सुमारे ५.६ वर येते आणि मागच्या पृष्ठभागाचे −५.९ ती जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतात. पोहण्याचा चष्मा घातल्यावर कॉर्नियासमोर पुन्हा हवा येते आणि दृष्टी पूर्ववत होते. त्या चष्म्याच्या काचेला कोणताही नंबर नसतो.

समाक्ष:

वरील उत्तराला बेरजेविषयीची पुस्ती जोडतो. आपल्या पुस्तकातील आकडे बहुधा स्वीडिश नेत्रतज्ज्ञ ऑल्व्हार गुलस्ट्रँड यांच्या प्रतिमान-डोळ्याचे, म्हणजे हिशेबासाठी मानलेल्या सरासरी डोळ्याचे आहेत (याच क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९११ चे नोबेल पारितोषिक मिळाले). त्यात कॉर्निया ४३.०५, नेत्रभिंग १९.११ आणि संपूर्ण डोळा ५८.६४ डायॉप्टरचा आहे. दोन भिंगे एकमेकांना चिकटलेली असतील तरच त्यांच्या शक्तींची सरळ बेरीज होते. मध्ये अंतर असेल, तर दोन्ही शक्तींचा गुणाकार करून त्याला त्या अंतराने (मीटरमध्ये, मधल्या माध्यमाच्या अपवर्तनांकाने भागून) गुणायचे आणि आलेली संख्या बेरजेतून वजा करायची. आपले ३ डायॉप्टर, नेमके सांगायचे तर साडेतीन, त्या वजाबाकीत गेले आहेत.

चौकट_आणि_काच:

मी काउंटरवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे कॉन्टॅक्ट लेन्सच्या प्रश्नाचे उत्तर मी सूत्र बाजूला ठेवून देतो.

लघुदृष्टी असलेल्या डोळ्याला ताण न देता स्पष्ट दिसणारा सर्वांत दूरचा बिंदू ठरलेला असतो. तो डोळ्याचा असतो, चष्म्याचा नव्हे. आपले काम एवढेच, की भिंगाचा नाभिबिंदू (दुरून आलेले समांतर किरण भिंगातून गेल्यावर जिथे एकत्र येतात किंवा जिथून आल्यासारखे भासतात तो बिंदू) त्या बिंदूवर नेऊन ठेवायचा. −८.०० च्या भिंगाचा नाभिबिंदू भिंगाच्या पुढे १२५ मिलिमीटरवर असतो. भिंग कॉर्नियापासून १२ मिलिमीटर पुढे बसलेले असेल, तर तोच बिंदू कॉर्नियापासून १३७ मिलिमीटरवर येतो. कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियावरच बसते, म्हणून तिचे नाभीय अंतर १३७ मिलिमीटर हवे. १००० भागिले १३७ म्हणजे ७.३०, आणि पाव डायॉप्टरच्या टप्प्यांत −७.२५. दीर्घदृष्टीत हा बिंदू डोळ्याच्या मागे पडतो, म्हणून १२५ मधून १२ वजा होतात: उरलेल्या ११३ मिलिमीटरसाठी ८.८५ डायॉप्टर लागतात आणि जवळचा टप्पा +८.७५ चा आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या चष्म्याचा हिशेबही हाच आहे. प्लस भिंग दृष्टिपटलापासून जितके पुढे सरकेल तितकी कमी शक्ती त्याला पुरते. नेत्रभिंगाच्या जागी १९ डायॉप्टर जे काम करतात, तेच काम कॉर्नियावर ठेवलेले सुमारे १२.६ डायॉप्टरचे भिंग करते आणि त्याच्याही १२ मिलिमीटर पुढे चष्म्यात ते ११ वर येते. अर्थात, मुळात नंबर नसलेल्या डोळ्यासाठी हा हिशेब आहे.

±४.०० च्या आत हा फरक पाव डायॉप्टरपेक्षा कमी राहतो, म्हणून तिथे तो सोडून देतात. त्यापुढे मात्र तपासणीच्या वेळी ट्रायल फ्रेम (नंबर काढताना भिंगे बदलून पाहण्याची चौकट) कॉर्नियापासून किती अंतरावर होती याची नोंद मागून घेणे मला आवश्यक वाटते. तपासणी १२ मिलिमीटरवर झाली आणि निवडलेली फ्रेम १६ वर बसली, तर −८.०० चा चष्मा जवळजवळ ०.२ डायॉप्टरने कमी पडतो आणि +८.०० चा ०.३ ने जास्त होतो. नाकावरून घसरलेल्या चष्म्यातही हेच घडते. ‘नंबर चुकला’ अशी तक्रार आली की मी आधी नाकावरचे पॅड पाहतो, मग काच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवतो. तीही मागचा पृष्ठभाग टेकवून, म्हणजे काड्या आपल्यापासून पलीकडे ठेवून, कारण चष्म्याचा नंबर मागच्या पृष्ठभागापासूनच मोजलेला असतो.

नवशिका_ऑप्टिशियन:

नाभिबिंदू त्या दूरबिंदूवर ठेवायचा, हे कळल्यावर सूत्राची गरजच उरली नाही. आपणा सर्वांचे आभार. आता एकच विचारतो: −८.०० च्या व्यक्तीला दूरचे चष्म्याने आणि कॉन्टॅक्ट लेन्सने सारखेच दिसत असेल, तर वाचतानाही दोन्हींत काही फरक पडू नये ना?

समाक्ष:

फरक पडतो, आणि चाळिशीच्या सुमारास तो चांगलाच जाणवतो. वाचनाचा मजकूर चष्म्यापासून ३३ सेंटिमीटरवर आहे असे धरा. भिंगापाशी येणाऱ्या किरणांची अपसारिता (पसरत जाण्याचे माप) ३ डायॉप्टर, भिंगातून बाहेर पडताना ती ११ होते, आणि १२ मिलिमीटर पुढे कॉर्नियापर्यंत पोहोचेपर्यंत ९.७२ उरते. दूरचे पाहताना तिथे ७.३० होती. म्हणजे नेत्रभिंगाला फुगून भरून काढायचे आहेत सुमारे २.४ डायॉप्टर. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर त्याच मजकुरासाठी २.९ लागतात. +८.०० च्या व्यक्तीला याउलट चष्म्यातून साडेतीन डायॉप्टरचा ताण पडतो आणि कॉन्टॅक्ट लेन्सने तो २.९ वर उतरतो.

त्यामुळे जास्त मायनस नंबरची चाळिशीतली व्यक्ती चष्म्यावरून पहिल्यांदाच कॉन्टॅक्ट लेन्सकडे वळत असेल, तर तिची जवळची दृष्टी लेन्स घालूनच तपासलेली असावी. चष्म्यातून बारीक अक्षर सहज वाचता येत होते म्हणून लेन्सनेही वाचता येईल, असे तिथे गृहीत धरता येत नाही.