मदत हवी आहे – अमरावतीचा परकोट, खुनारी खिडकी

राम राम मंडळी, आपण दर्यापूरकडचे, कपाशीवाले. आमचे आबा सांगत का त्यायचे आजोबा बैलगाडीत कापूस घेऊन अमरावतीले जायचे अन् मुक्काम परकोटाच्या (म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या तटाच्या) आत, खुनारी खिडकीजवळ एका अडत्याच्या घरी असायचा. आता घर पाडतांनी पेटीत दोन कागद सापडले, मोडीतले, कडा वाळवीनं खाल्लेल्या, एकावर काळा गोल शिक्का आहे पण अक्षरं पुसली.

परकोट निजामाच्या राजवटीत पेंढाऱ्यांच्या भीतीपायी 1807 मंदी बांधायले घेतला, पाच दरवाजे अन् चार खिडक्या, एवढं वाचलं. खिडकी म्हणजे घराची नाही बरं, लहान दरवाजा, मी बी लय दिवस घराचीच समजत होतो!

तर कोणी जुनं अमरावतीकर असन तर सांगा, तिथं कापसाच्या अडतीचे वाडे नेमके कोणत्या गल्लीत होते? अन् मोडी वाचणारं कोणी आहे का आपल्याकडं? फोटो टाकतो, पण कागद उलगडला का तुकडे पडतात, त्याले काय करू तेही सांगा. लॅमिनेशन करू का, का नको?