जपानबाहेर कधीच न आलेले हँडहेल्ड खेळ: चाहत्यांचे अनुवाद खेळावेत का?

अर्धचंद्र

'मदर ३' हा गेम बॉय ॲडव्हान्सवरचा (निन्टेन्डो कंपनीचे हातात धरून खेळायचे यंत्र) खेळ २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये आला आणि तिथेच राहिला. त्याची कथा शिगेसातो इतोई यांची आहे. क्लाइड मँडेलिन यांच्या पुढाकाराने चाहत्यांच्या एका गटाने ऑक्टोबर २००८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद पूर्ण केला. २०१३ मध्ये मँडेलिन यांनी तो सगळा मजकूर निन्टेन्डोला विनामूल्य देऊ केला, तरी पान हलले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये हा खेळ निन्टेन्डोच्या 'स्विच' या यंत्राच्या ऑनलाइन सेवेच्या सदस्यांसाठी पुन्हा उपलब्ध झाला, पण तोही जपानमध्ये आणि जपानी भाषेतच.

प्रकाशकाने इतकी वर्षे दार लावून घेतले असताना चाहत्यांच्या अनुवादाला चोरी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हे अनुवाद 'पॅच'च्या रूपात मिळतात. पॅचमध्ये मूळ खेळ नसतो, फक्त बदललेला भाग असतो, त्यामुळे ज्याच्याजवळ खेळाची प्रत आहे त्यालाच त्याचा उपयोग होतो.

आणखी एक नुकसान सहसा कोणी मोजत नाही. १९९२ साली गेम बॉयवर 'काएरु नो तामे नि काने वा नारु' हा बेडकांचा आणि राजपुत्रांचा विनोदी खेळ आला. पुढच्याच वर्षी त्याच तांत्रिक पायावर 'लिंक्स अवेकनिंग' हा खेळ उभा राहिला आणि पहिल्या खेळातला राजपुत्र रिचर्ड त्यात पाहुणा म्हणून आला. जपानबाहेर मात्र हा गृहस्थ कोण, हे बहुतेकांना कळलेच नाही.

तळटीप

मी व्यवसायाने अनुवादक आहे, तेव्हा माझे मत थोडे कडू लागेल. 'पॅचमध्ये मूळ खेळ नसतो' हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण स्वतः विकत घेतलेल्या कार्ट्रिजमधून (खेळ साठवलेली, यंत्रात खोचायची छोटी डबी) प्रत काढून त्यावर पॅच चढवणारे किती आणि कुठून तरी तयार फाइल उतरवून घेणारे किती, याचे उत्तर आपण सगळे मनातल्या मनात देऊ शकतो. शिवाय प्रकाशक गप्प आहे म्हणून इतोई यांचा मजकूर बेवारस ठरत नाही. 'नाही' हेही उत्तरच असते.

स्क्वेअर एनिक्सचा 'फायनल फँटसी टाइप-०' आठवा. सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रावर तो २०११ मध्ये फक्त जपानमध्ये आला. जून २०१४ मध्ये चाहत्यांचा अनुवाद निघाला, कंपनीने त्याच सुमारास अधिकृत इंग्रजी आवृत्ती जाहीर केली आणि पुढे पॅच मागे घ्यावा लागला. कंपनीचे काम आतल्या आत चालू असते, पण आपल्याला ते दिसत नाही म्हणून आपण दार बंद आहे असे धरून चालतो.

अर्धचंद्र

तीन वर्षे काहीही न सांगता काम करायचे आणि मग दुसऱ्याने केलेले काम उतरवायला लावायचे, याला मी दूरदृष्टी म्हणणार नाही. उलट उदाहरणही आहे. कॅपकॉमचा 'ग्याकुतेन केन्जी २' हा डीएसवरचा (निन्टेन्डोचे स्पर्शपडद्याचे यंत्र) खेळ २०११ चा. चाहत्यांचा इंग्रजी अनुवाद कित्येक वर्षे उपलब्ध होता, तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये कॅपकॉमला नव्याने अनुवाद करून अधिकृत आवृत्ती काढावीशी वाटली. चाहत्यांचा अनुवाद बाजार मारतो, हे निदान इथे तरी दिसले नाही.

ठेका_धरा

तुम्ही दोघेही संवादांनी भरलेल्या खेळांबद्दलच बोलत आहात, म्हणून हा वाद इतका पेटला आहे. डीएसवरचा 'ओसु! तातकाए! ओएन्दान' (२००५) घ्या. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला घरातली माणसे काही सुखाने बसू देत नाहीत, तो मदतीसाठी हाक मारतो आणि काळ्या गणवेशातले तिघे येऊन गाण्यावर ललकाऱ्या देत नाचू लागतात. आपण पडद्यावरच्या वर्तुळांवर तालात काडी टेकवायची, एवढेच. यात अनुवाद कशाचा करणार? 'रिदम तेन्गोकु' आणि 'बिट जनरेशन्स' मालिकेतले सात छोटे खेळ (दोन्ही २००६, गेम बॉय ॲडव्हान्स) यांचेही तेच.

जुन्या डीएसच्या कार्ट्रिजना देशाचे बंधन नव्हते, त्यामुळे लोकांनी 'ओएन्दान' थेट जपानहून मागवला. त्यातूनच २००६ मध्ये बाहेरच्या देशांसाठी 'एलिट बीट एजंट्स' तयार झाला, पण त्यात गाणी बदलली, गोष्टी बदलल्या आणि गणवेशातल्या पोरांच्या जागी सुटाबुटातले एजंट आले. मला विचाराल तर जपानी कार्ट्रिज मागवा आणि तसेच खेळा.

अर्धचंद्र

मागवून खेळण्याची ही सोय निन्टेन्डोने डीएसनंतरच्या थ्रीडीएस या यंत्रावर देशानुसार कुलूप घालून संपवली. २०१५ चा 'दाइग्याकुतेन साइबान' हा खेळ मागवला, तरी दुसऱ्या प्रदेशातल्या यंत्रात तो चालत नसे. त्या खेळाची अधिकृत इंग्रजी आवृत्ती यायला २०२१ उजाडले.

काना_मात्रा

मी पुण्यात जपानी शिकते आणि तळटीप यांच्या बाजूची आहे, पण माझे कारण वेगळे आहे. इंग्रजी पॅच म्हणजे आपल्यासाठी आधीच एकाच्या तोंडून गेलेली गोष्ट. 'मदर ३' मधली कुमातोरा ही ओसोहे किल्ल्याची राजकन्या आहे, पण ती स्वतःला 'ओरे' म्हणते. हे 'मी'साठीचे रांगडे, पुरुषी सर्वनाम आहे. इंग्रजीत ते फक्त 'आय' होते आणि तिचा सगळा तोरा दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो. मराठीत तिने नुसते 'मी जातो' म्हटले तरी काम होईल. (कोल्हापूरच्या वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही, हे मान्य.) वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामाला मागून चिकटणारे शब्दही आपल्याला नवे नाहीत.

वाचणे मात्र सोपे नाही. जुन्या गेम बॉयच्या १६० गुणिले १४४ ठिपक्यांच्या पडद्यावर चित्रलिपी मावत नसे, म्हणून मजकूर बहुधा नुसत्या काना या उच्चार दाखवणाऱ्या लिपीत असे. मग 'कामि' म्हणजे देव, कागद की केस, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच असल्याने वाचणाऱ्याची जी तारांबळ उडते, तशीच ही.

तळटीप

'मी जातो' ही सूचना मला मनापासून पटली. पण मग ती तुमच्या वहीत राहू द्या. प्रसिद्ध करण्याचा हक्क त्याने मिळत नाही.

अर्धचंद्र

माझा मराठी अनुवादही वहीतच आहे, आणि तिथेही अडले आहे. काना अक्षरे एकसारख्या चौकोनांत बसतात. इंग्रजी करणाऱ्यांना अक्षरांची रुंदी कमी-जास्त करण्यासाठी खेळाचा कोड बदलावा लागला होता, पण आपल्याला उंचीही लागते. काल रात्री कागदावर चौकटी आखून 'दुर्मीळ' लिहून पाहिले, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या रफारावर चढला. संवादाच्या चौकटीतली एक ओळ कमी केली तरच बसते, आणि तसे केले की इतोई यांचे एक वाक्य दोन चौकटींत तुटते.

काना_मात्रा

उकार अक्षराच्या पोटात घेऊन पाहा, 'रु'मध्ये घेतो तसा. वाचता आले तर कागदाचा फोटो टाका.