डेबियन: बूटला नेटवर्क कार्ड उठत नाही, हाताने मात्र उठतं

डिचोलीचा छपाईवाला
डिचोलीत माझं छपाईचं छोटं दुकान. काउंटरमागे बिनमॉनिटरचा जुना पीसी, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स. गिऱ्हाइकांच्या फायली त्यावरच, दोन्ही प्रिंटर तिथूनच चालतात. चवथ तोंडावर, भजनी मंडळांची पत्रकं रांगेत, आणि हा गडी चार दिवस रोज नेटवर्कशिवाय उठतोय. वीज जाते-येते, तेव्हा 'बंदच करू नका' हे सांगू नका.

मॉनिटर जोडून पाहिलं. बूटला लाल ओळ एकही नाही, पण आयपी पत्ता नाही. रूट होऊन नुसतं 'डीएचक्लायंट' (राउटरकडून पत्ता मागणारी आज्ञा) मारलं की पत्ता मिळतो, दिवसभर सुरळीत. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं. कार्ड बोर्डावरचंच, रिअलटेक. परवाच्या गडगडाटात गेलं असेल का? नवं आणायला म्हापशाला जावं लागेल.

कुळागर
त्याच मशीनवर विंडोज आहे का? विंडोज बंद होताना रिअलटेक कार्ड कधीकधी झोपवून ठेवतं, मग लिनक्सला ते जागं होत नाही. विंडोजमधल्या ड्रायव्हरच्या सेटिंगांत 'वेक ऑन लॅन' (नेटवर्कवरून मशीन जागं करणं) बघा.

डिचोलीचा छपाईवाला
विंडोज नाही. पोर्टचा दिवाही लुकलुकतो. बदल म्हणाल तर गेल्या आठवड्यात रिकाम्या स्लॉटात अडॉप्टर लावून एनव्हीएमई (वेगवान एसएसडी डिस्क) घातली. पण तिचा नि नेटवर्कचा काय संबंध?

जुनं टर्मिनल
संबंध तिथेच आहे. कार्ड मेलेलं असतं तर डीएचक्लायंटलाही उठलं नसतं. नाव न देता ते चालवलं की मिळेल ते प्रत्येक कार्ड चाचपतं, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही.

सिस्टीमडी (बूटला लिनक्सच्या सेवा सुरू करणारी प्रणाली) २०१३पासून कार्डाला जागेवरून नाव देतं: ईएनपी२एस० म्हणजे बस (बोर्डावरचा जोडमार्ग) २, स्लॉट ०. मध्ये नवं उपकरण आलं की पुढच्या बसचे आकडे सरकतात. 'आयपी लिंक' (कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) मारा, बहुतेक ईएनपी३एस० दिसेल. आणि /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये जुनंच नाव असेल, वर 'अलाउ-हॉटप्लग'. ते त्या नावाचं कार्ड दिसायची वाट बघत गप्प बसतं. 'ऑटो' असतं तर बूटलाच बोंब मारली असती.

फायलीत नाव बदला, काम होईल. पण पुन्हा काही घातलंत की पुन्हा हेच. त्यापेक्षा /ईटीसी/सिस्टीमडी/नेटवर्क/ मध्ये १०-लॅन.लिंक करा: मॅच विभागात कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक), लिंक विभागात नाव, समजा 'लॅन०'. इंटरफेसेसमध्येही तेच नाव. मग 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' (बूटच्या सुरुवातीच्या फायली नव्या करणारी आज्ञा) नि रीबूट. नाव 'इथ०' ठेवू नका, कर्नल स्वतः ती नावं वापरतो.

डिचोलीचा छपाईवाला
तस्संच निघालं, ईएनपी३एस०! लिंक फाइल केली. पहिल्यांदा अलाउ-हॉटप्लगची ओळ बदलली नि खालची 'आयफेस'ची विसरलो, म्हणून पुन्हा तोंडावर आपटलो. दोन्ही बदलल्यावर मशीन नीट बंद करून, मेन स्विच पाडून, तीनदा चालू केलं. तिन्ही वेळा लॅन० वर पत्ता हजर. म्हापशाची फेरी वाचली, आता पत्रकं काढतो. देव बरें करूं.