यामाहा आरएक्स घरीच खोलली, तर तुमचं काय बिघडलं?

दारव्हेकर
परवा इथेच एका जाणकारांनी लिहिलं की गावाकडच्या लोकांनी जुन्या जपानी गाड्यांना हात लावू नये. "गोठ्यात बसून पान्याने आरएक्स खोलणं म्हणजे रिस्टोरेशन नाही, खून आहे." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

माझी यामाहाची आरएक्स 100 मोटारसायकल, 1991 ची. वडिलांनी कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली. 98 सीसी, 11 बीएचपी, वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळी दारव्हा रोडला तिच्या पुढे जाणारं फारसं काही नव्हतं. 2009 पासून कोठ्यात उभी. मागच्या उन्हाळ्यात बाहेर काढली तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने सरकी आणि पोत्याच्या सुतळीचं घर केलेलं, आणि पिस्टन जाम. प्लग काढून डिझेल ओतलं. रोज सकाळी चहाच्या आधी किक हाताने दाबून पाहायचो. नवव्या दिवशी 'चुक' असा बारीक आवाज आला आणि किक बोटभर खाली गेली. माय दारात उभी होती. "सुटली काय रे?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

छपरीत सगळी गाडी सुटी केली. बोल्ट बीटी कापसाच्या बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांत, पाकिटावर पेनाने जागा लिहिलेली. सिलिंडरचं बोअरिंग आणि क्रँक (पिस्टनच्या चालीने फिरणारा इंजिनचा दांडा) यवतमाळला लेथवाल्याकडे दिले, कारण क्रँक पिन प्रेसवर बसवून डायलवर सरळ करणं घरी होत नाही, आणि ते मी केलंही नाही. बाकी सगळं घरी.

चूकही सांगतो. टाकीत गंज होता म्हणून खडी टाकून हलवली, ते ठीक. मग ॲसिड टाकलं आणि लाइन गेली म्हणून झोपून गेलो. सकाळी टाकीच्या बुडाला टाचणीएवढं भोक. माझाच गाढवपणा, पितळाने भरून घेतलं. आता गाडी चालते. खून कोणाचा झाला, ते सांगा.

पुणेरी पिस्टन
ती पोस्ट माझी, शब्दही माझा. मागे घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याच भागातून एक आरएक्स आणली. फोटोत चकाचक. घरी आल्यावर पाहिलं, तर मूळ मिकुनी कार्बोरेटरच्या जागी कुठल्या तरी मोपेडचा, फ्रेमला दुधाच्या कॅनचा स्टँड वेल्ड केलेला, इग्निशनचे पॉइंट फिरवून फिरवून प्लेटच्या खाचा घासलेल्या. सायलेन्सरची जाळी तर कोणी काढून फेकली देव जाणे. हे सगळं 'घरी रिस्टोअर केलेलं' होतं. फ्रेमवरचं वेल्डिंग घासायला मला महिना लागला. त्या महिन्यात मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही.

आता तुम्हाला साधे प्रश्न. पिस्टन कितीचा टाकला? क्रँकची सीलं कुठली? आणि ऑटोल्यूबचा, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनला तेल देणारा, पंप चालू आहे की 'गावठी पद्धतीने' बंद केलाय?

दारव्हेकर
सिलिंडरचा मूळ बोअर 50 मिमी. भिंतीला ओरखडे होते, 0.25 मिमी वाढवून साफ झाले नाहीत, म्हणून 0.50 मिमी मोठा पिस्टन टाकला. सीलं दुकानात मिळाली ती. त्याचा धडा मिळाला. पंधरा दिवसांत थ्रॉटल सोडला तरी इंजिन आपोआप रेस घ्यायला लागलं. डावीकडचं, मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज तयार होते त्या बाजूचं) सील हवा ओढत होतं. आणखी चार किलोमीटर चालवली असती तर नवा पिस्टन चिकटला असता. सील बदललं. उजवीकडचं, क्लचकडचं, गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर निघतो, तेही माहीत आहे.

पंप बंद केलाय. लिटरला 30 एमएल 2टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, पेट्रोलमध्येच. पंपावर भरवसा नाही.

पुणेरी पिस्टन
झालं. हेच ऐकायचं होतं. जपानच्या इंजिनिअरने थ्रॉटलप्रमाणे तेल कमी-जास्त करणारा पंप दिला, तो काढायचा आणि औषधाच्या झाकणाने तेल मोजायचं.

परतवाड्याचा मिस्त्री
बावा, मी 22 वर्स झाले गॅरेज चालवून राहिलो. दुधाच्या कॅनचा स्टँड कायले लावला, ते तुमाले काय समजन? त्या गाडीनं रोज पहाटी दोन कॅन डेअरीवर नेले, त्याच्यावर दोन पोट्टे शिकले. थो स्टँड काढाले तुमाले महिना लागला, लावाले मले अर्धा तास लागला होता. तुमचीच असन तं माफ करा, पन वेल्डिंग मजबूत होतं नं?

आन खरी गोष्ट बोला. तुमच्याकडचे लोकं येतेत, गावातल्या म्हाताऱ्याले 15 हजार देऊन गाडी नेतेत, पालिश मारतेत, आन लाखाच्या वर विकतेत. मंग म्हनतेत गावातल्या लोकायले किंमत नाई. किंमत तुमीच नाई देल्ली राजेहो.

कायद्याचा कीडा
या गाड्यांना हल्ली जो तो 'विंटेज' म्हणतो म्हणून लिहितो. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे 50 वर्षांवरची गाडी, मूळ रूपात, नोंदणीला 20 हजार. आरएक्स 100 आली 1985 ला, बंद झाली 1996 ला. म्हणजे सगळ्यात जुनी आरएक्ससुद्धा 2035 च्या आधी विंटेज होत नाही. तोवर ती कायद्याने फक्त 'म्हातारी' आहे. दारव्हेकर, पासिंगचं काय केलं?

दारव्हेकर
नका विचारू. आरसी वडिलांच्या नावावर, वडील 2014 ला गेले. नाव बदलायला फॉर्म 31, मृत्यूचा दाखला, भावांची संमती. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाचे 2000, शिवाय उशिराचे महिन्याला 300 आणि पर्यावरण कर वेगळा. कागद पिस्टनपेक्षा महाग पडले. त्यात चेसिस नंबरवर रंगाचा थर म्हणून परत पाठवलं. रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन ऑफिसच्या बाहेर, उन्हात, नंबर घासत बसलो होतो.

कार्ब-कुमार
मुद्द्यावर येतो. जुन्या कार्बोरेटरचा खरा खुनी गावही नाही आणि पुणंही नाही, पेट्रोल आहे. आता सगळीकडे 20 टक्के इथेनॉल. ते पाणी ओढतं. जुने रबरी पाइप फुगतात, टाकी आतून गंजते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन जास्त तापतं. पावसाळाभर अर्धी टाकी उभी ठेवा, पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. पेट्रोलचा कॉक ओढतो बुडातून. आणि दारव्हेकर, त्या खालच्या थरात तुमचं 30 एमएल तेल नसतं, ते वर पेट्रोलसोबत राहतं. म्हणजे पहिल्या किकला पिस्टन कोरडा.

सोयाबीनचा बाप
इथेनॉलचं नाव काढलं तर आता ऐका. पाणी पश्चिम महाराष्ट्रात, ऊस पश्चिम महाराष्ट्रात, कारखाने तिकडे, आणि सडलेला पाइप आमच्या विदर्भात.

कागलकर
ओ साहेब, जरा माहिती घेऊन बोला. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसावर केंद्रानेच मर्यादा आणली. आता इथेनॉलला सगळ्यात जास्त जातो तो मका. आणि इथेनॉल होतं म्हणून आमची ऊसबिलं वेळेवर आली. तुमच्या मोटारसायकलच्या पाइपासाठी आम्ही वर्षभर बिलाची वाट बघायची का?

सोयाबीनचा बाप
मका म्हणालात ना? बरं झालं. मक्यापासून इथेनॉल काढलं की चोथा उरतो, डीडीजीएस. पोल्ट्रीवाले सोयापेंडीच्या जागी तोच स्वस्तातला चोथा घेतात. पेंडीचा उठाव गेला, सोयाबीनचा भाव गेला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 होता. माझे 31 पोते 4050 ने गेले, तेही ओलाव्याच्या नावाने कापून. तुमची बिलं वेळेवर आली, ती आमच्या ढेपेवर आली.

कागलकर
भाव काय फक्त चोथ्याने पडतो का? बाहेरून येणारं तेल, जगातलं उत्पादन, हे कोण मोजणार? सगळ्याला ऊसवाले जबाबदार, मग दुष्काळाला पण आम्हीच का?

सोयाबीनचा बाप
दुष्काळाला नाही. अनुशेषाला.

परतवाड्याचा मिस्त्री
आता हे दोघं विधानसभेत जातेत काय?

कागलकर
तुम्ही मध्ये पडू नका, वेल्डिंग करा.

परतवाड्याचा मिस्त्री
थेच करून राहिलो. तुमचं तोंड बी आना, करून देतो.

दारव्हेकर
राजेहो, हात जोडतो. माझंही सोयाबीन होतं, माझेही गेले. पण मी गाडीबद्दल लिहिलं होतं.

कार्ब-कुमार, थराचं मला सुचलंच नव्हतं. काल बाटलीत पंपावरचं पेट्रोल घेतलं, चमचाभर पाणी टाकून हलवलं, खिडकीत ठेवलं. तासाभरात खाली गढूळ पट्टा, बोटभर जाड. त्यात टाकलेलं निळं 2टी सगळं वरच्या भागात, खालचा पट्टा फिक्कट. बराच वेळ बाटलीच पाहत बसलो. तेल वेगळ्या टाकीतून पंपाने आलं असतं तर निदान तेल तरी वेळेवर पोचलं असतं. तेव्हा पंपाच्या बाबतीत पुण्याचं बरोबर. फक्त पंपाच्या. जुना पंप फेकला नव्हता, तोही बीटीच्या पाकिटात आहे.

पुणेरी पिस्टन
स्क्रीनशॉट काढून ठेवला.

आता माझं. तुमची ती क्रँकची गोष्ट पुन्हा वाचली. आमच्याकडे एका नावाजलेल्या ठिकाणी मी माझी आरएक्स दिली होती. पाच महिने, 90 हजार, दोन कोट लॅकर. क्रँक त्यांनी खोललीच नव्हती. बाराशे किलोमीटरवर बिग एंड, म्हणजे क्रँकवरचं बेअरिंग, खडखडायला लागलं. विचारलं तर म्हणाले, "सर, जुन्या गाडीला एवढा आवाज असतोच." हे मी त्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. पण म्हणून तुमची टाकी ॲसिडमध्ये झोपवणं योग्य ठरत नाही.

कायद्याचा कीडा
म्हणजे खून दोन्हीकडे झाला. पुण्यात पावतीसकट.

परतवाड्याचा मिस्त्री
90 हजार! 90 हजारात मी तीन गाड्या बनवून देतो, आन स्टँड फुकट.

पुणेरी पिस्टन
स्टँड नको, मिस्त्री. पण बिग एंडसाठी फोन करीन, खरंच.

दारव्हेकर, 'खून' मागे घेतो. 'गंभीर दुखापत' ठेवतो. पंप परत लावा, केबलची खूण नीट जुळवून. माझ्याकडे जुन्या स्टॉकमधली क्रँकची दोन सीलं आहेत, त्यातलं मॅग्नेटोकडचं पाठवतो.

दारव्हेकर
पाठवा. दुखापतीवर लावतो. आणि टाकीत सध्या दोनच लिटर ठेवतोय, पावसाळा लागायच्या आधी संपवायचंय.

परतवाड्याचा मिस्त्री
टाकीचं थे भोक गळते का अजून?

दारव्हेकर
थोडंसं.